हेल्मेटवरचा रक्तगट

लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा मी एक चूक केली. तशा त्या वर्षात मी बऱ्याच केल्या, पण बाकीच्या बायकोने जागच्या जागी दाखवून दिल्या. ही एक राहून गेली.

तिला दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आणायला सांगितलं म्हणून मी तिला पेणच्या बाजारपेठेतल्या एका लहानशा लॅबमध्ये घेऊन गेलो. तिच्या दंडाला रबरी नळी बांधली, सुई बाहेर निघाली, आणि मी ताबडतोब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. सुई मला बघवत नाही. दुसऱ्याला टोचत असली तरीही. नेमकं तेव्हाच टेबलामागच्या माणसाने विचारलं, "नाव?" मी कॅलेंडरवरच्या एकादश्या मोजत माझं संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्याने ते लिहून घेतलं.

रिपोर्ट आला तो माझ्या नावाचा. रक्तगट ओ निगेटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि बायकोला म्हणाल्या, "दिवस यांना गेलेत का तुम्हाला?" बायको आठवडाभर हसत होती. बाईंनी गट तिच्या केसपेपरवर लिहून घेतला आणि रिपोर्ट परत दिला. तो आमच्या घरच्या प्लॅस्टिकच्या फायलीत गेला. त्या फायलीत गेलेला कागद फक्त जनगणनेला बाहेर येतो.

पुढे मुलगा झाला, शाळेत गेला, माझ्याहून उंच झाला. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला होतो, अजूनही आहे. पेणहून रोज जाऊन-येऊन. एके वर्षी कंपनीने ठरवलं की प्रत्येकाच्या हेल्मेटवर रक्तगटाचा स्टिकर लावायचा. क्लार्क म्हणाला, "तोंडी चालणार नाय, रिपोर्टची झेरॉक्स पायजे." मी घरी येऊन फाईल उपसली. बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. माझ्या नावाचा रिपोर्ट समोरच मिळाला. लॅबमधला तो विनोद मला तेव्हा आठवायला हवा होता. पण विनोद माझ्यावर झालेला असला की मी तो फार लवकर विसरतो.

स्टिकर लागला. आणि मी एकदम मोठा माणूस झालो. सबंध प्लांटमध्ये ओ निगेटिव्ह दोनच निघाले, त्यातला एक वर्षभरात नोकरी सोडून गेला. सेफ्टीवाल्या साहेबांनी प्रशिक्षणात मला उभं केलं. "हे बघा, यांचं रक्त ए, बी, एबी, ओ, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, कुणालाही चालतं. पण यांना स्वतःला मात्र ओ निगेटिव्हच लागतं, दुसरं कुठलंच चालत नाही." सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. मीही स्वतःकडे थोडा तसाच बघत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अगो बाई, तुमचापण ओ निगेटिव्ह? मला कधी बोलला नाहीत!" मी म्हटलं, "आपण कशाला मिरवायचं?"

या मोठेपणात एक सोय होती, ती आता कबूल करतो. कंपनीत दरवर्षी रक्तदान शिबिर होतं. साहेब म्हणाले होते, निगेटिव्हवाल्यांनी शिबिरात देण्याची घाई करू नये, राखीव राहावं, गरज लागेल तेव्हा बोलावू. हा शब्द मला फारच आवडला. राखीव. सगळे ओळीने हात पुढे करून आडवे व्हायचे, आणि मी राखीव म्हणून बिस्किटांच्या टेबलाशी उभा राहायचो. बिस्किटं मात्र राखीव ठेवत नसे.

असं बारा वर्षं चाललं.

आता माझ्या भाचीचं सांगतो. माझी धाकटी बहीण रोह्याला दिलेली. तिची एकुलती मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली, पहिल्या बाळंतपणाला आईकडे रोह्याला आली होती. जावई तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला. मुलगा सरळ, शब्दाला जपणारा, माझ्यासमोर खुर्चीत मागे टेकूनही न बसणारा. भाचीचा रक्तगट तपासला तर ओ निगेटिव्ह. बहीण कौतुकाने म्हणाली, "मामावर गेलेय." मी मिशीला हात लावला.

सातव्या महिन्यात कळलं की तिची वार खाली आहे. वार गर्भाशयाच्या तोंडाशीच आली की बाळंतपणात रक्त किती जाईल याचा भरवसा नसतो. डॉक्टर स्पष्ट माणूस. ऑपरेशनसाठी नवव्या महिन्यातला एक शुक्रवार ठरवून दिला आणि म्हणाला, "ओ निगेटिव्हची एक पिशवी हातात आल्याशिवाय मी चाकू लावणार नाही. पेणच्या रक्तपेढीत या गटाची पिशवी नेहमी नसते. देणारा माणूस आधी शोधून ठेवा."

त्याच्या आदल्या रविवारी मी बहिणीकडे गेलो होतो. जावई एका मुलाला घेऊन आला. शाळेतला मित्र, रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा, कतारला असतो, सुट्टीवर आलेला. उंच, दाढी नीट कापलेली, चप्पल दारात काढून भिंतीशी उभा.

जावई म्हणाला, "मामा, याचा ओ निगेटिव्ह हाय. उद्या-परवा पेणला जाऊन देऊन येतो म्हणतो."

"मला काय त्रास नाय, मामू," तो मुलगा म्हणाला. "तिकडं पण मी देतोच. कार्ड हाय माझ्याकडं. बुधवारी फ्लाइट हाय, त्याच्या आधी देऊन टाकतो."

मी मांडी सावरून बसलो. "छे, छे. तुम्ही महिनाभराच्या सुट्टीवर आलात, आईच्या हातचं खा. घरात मामा बसलाय आणि बाहेरचं रक्त कशाला?" आणि मुलाच्या पाठीवर थाप मारून त्याला चहा पाजून पाठवलं.

जावयाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे. मी मामेसासरा. त्याच्या लग्नात भाचीला हाताला धरून अंतरपाटापर्यंत आणलेला. माझा रिपोर्ट दाखवा असं तो मला कसं विचारणार? आमच्यात जावई मामेसासऱ्याला एवढं विचारत नाही, आणि मामेसासरा आपण होऊन सांगत नाही. बहीण तर पदराने डोळे टिपत होती. "दादा असला की मला काय काळजी?" मी गुरुवारची रजा टाकली. गुरुवारी रक्त द्यायचं, शुक्रवारी ऑपरेशन. सुईचा विचार बुधवार संध्याकाळपर्यंत करायचा नाही असं ठरवलं होतं.

बुधवारी सकाळी आठला जावयाचा फोन आला. दुसरी शिफ्ट होती म्हणून मी घरीच होतो, हातात चहा.

"मामा, तिला ब्लीडिंग सुरू झालंय. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर बोलतात आजच करायला लागेल. आता जरा कमी हाय, पण वाढलं तर थांबता येणार नाय. तुम्ही लगेच पेढीत जा. मी तिच्या रक्ताची बाटली घेऊन निघतो, जुळवून बघायला लागते."

"पनवेलला हलवायचं का?"

"ते पण विचारलं. डॉक्टर बोलले, तिथं पण हेच रक्त लागणार, आणि रस्त्यात वाढलं तर कोण बघणार?"

मी शर्ट चढवला. बटणं एक घर चुकलेली, हे नंतर कळलं. बायकोला दारातूनच सांगितलं आणि चालत सुटलो, रक्तपेढी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर.

पेढीत एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पांढरा कोट, बोलणं कमी. मी फॉर्म भरला. रक्तगटाच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं. बाईंनी वजन केलं, दाब बघितला, तो अर्थातच वाढलेला होता. मग बोटाला टोचलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाईंनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे थेंब ठेवले, प्रत्येकात वेगळ्या बाटलीतला थेंब घातला, काडीने ढवळलं, फरशी हलवली. आणि थांबल्या. पुन्हा नवे थेंब घेतले, पुन्हा हलवलं.

"काका, तुमचा गट कोणी सांगितला?"

"रिपोर्ट आहे. हेल्मेटवरपण आहे."

"इकडे या."

मी वाकून बघितलं. दोन थेंब होते तसेच लाल, सपाट. तिसरा दूध नासावं तसा फुटला होता, बारीक बारीक लाल दाणे.

"या दोनात गुठळी नाही, म्हणजे ओ. या तिसऱ्यात दाणे धरले, म्हणजे पॉझिटिव्ह. तुम्ही ओ पॉझिटिव्ह आहात."

"असं कसं? बारा वर्षं हेल्मेटवर लिहिलंय."

"हेल्मेटला रक्त नसतं, काका."

मला काही क्षण खरंच कळलं नाही की या बाई काय सांगतायत. मग कळलं. "पण ओ तर आहे ना? नुसतं पॉझिटिव्हच तर जास्त आहे. अर्जंट असेल तर…"

"तुमचं रक्त कुठल्याही पॉझिटिव्हवाल्याला चालेल. निगेटिव्हवालीला नाही. तिचं अंग ते परकं म्हणून ओळखेल. एकदा ओळखलं की पुढच्या बाळाच्यापण मागे लागेल. पंचवीस वर्षांच्या मुलीला मी हे देणार नाही." त्यांनी फोन उचलला. एकीकडे विचारलं, दुसरीकडे विचारलं. प्रत्येक वेळी ऐकत होत्या, मान हलवत होत्या आणि "बरं" म्हणून ठेवत होत्या. "होती एक, काल गेली. दुसरा कोणी आहे तुमच्याकडे?"

दुसरा होता. त्याला मी पाठीवर थाप मारून घरी पाठवला होता.

बायकोला फोन लावला. काय झालं ते एका दमात सांगितलं. मग ती म्हणाली, "तो रिपोर्ट! अहो, तो माझा रिपोर्ट. लॅबमध्ये तुम्ही तुमचं नाव सांगितलं होतंत." आणि लगेच, मला ओशाळायला वेळही न देता, "मी येते. माझं तरी खरं ओ निगेटिव्ह आहे ना."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बारा वर्षं घरात ओ निगेटिव्ह म्हणून मी मिरवत होतो, आणि घरात खरंच एक ओ निगेटिव्ह भाकऱ्या भाजत होतं.

ती रिक्षाने आली. घरातल्याच साडीवर, केस कसेतरी बांधलेले. बाईंनी तिचा गट बघितला. तिन्ही थेंब सपाट. "हा ओ निगेटिव्ह." मी एवढा मोठा श्वास सोडला की बाईंनी वर बघितलं. मग त्यांनी तिच्या रक्ताचा एक थेंब हिमोग्लोबिन मोजायच्या यंत्रात घातला आणि आकडा माझ्याकडे वळवून दाखवला. नऊ पॉइंट आठ.

"साडेबाराच्या खाली घेता येत नाही. यांनाच रक्त कमी आहे. चक्कर येत नाही का, ताई?"

"येते कधी कधी. मी म्हटलं, वय झालं."

"मला नाही बोललीस," मी म्हणालो.

"तुम्ही राखीव होतात ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बाईंना मात्र हात जोडून म्हणाली, "थोडं तरी घ्या. अर्धी पिशवी."

"अर्धी नसते, ताई. आणि तुमचं असलं रक्त तिला घालून काय उपयोग?" मग जरा हळू आवाजात, "तुमच्या मुलाच्या वेळी बाळंतपणानंतर इंजेक्शन दिलं होतं का? तीन दिवसांच्या आत?"

"दिलं होतं. हे पनवेलहून घेऊन आले होते."

"ते बाळ पॉझिटिव्ह निघालं म्हणून देतात. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, मग ते पॉझिटिव्ह कुठून आलं?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. ज्या इंजेक्शनासाठी मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीने आलो होतो, ते इंजेक्शनच माझा रक्तगट सांगत होतं. मला ऐकायचं सुचलं नव्हतं.

तेवढ्यात जावई आला. मोटारसायकलवरून, डोळे लाल, छातीशी थर्मास, त्यात भाचीच्या रक्ताची बाटली. त्याने माझ्या दंडाकडे बघितलं. दंडावर पट्टी नव्हती. बायकोनेच सांगितलं. "यांचा पॉझिटिव्ह आहे. माझं रक्त कमी आहे. तो तुमचा दोस्त कुठे आहे आत्ता?"

जावयाने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं. तो भिंतीकडे वळून फोन लावायला लागला.

मित्राचा फोन बंद. इथलं सिम त्याने काढून घरी ठेवलं होतं. घरी लावला. त्याची बहीण म्हणाली, भाई तर निघाला, पाऊण तास झाला, अम्मी, आमचे मामू, लहान पोरं सगळी विमानतळावर सोडायला गेलीत, पांढरी गाडी, वर दोन बॅगा बांधल्यात. ड्रायव्हरचा नंबर तिच्याकडे होता. ड्रायव्हर उचलेना.

"रोह्याहून निघून पाऊण तास," जावई म्हणाला. "म्हणजे वडखळच्या आसपास."

"मग पेणवरूनच जाणार ना!" बायको म्हणाली. "उभे काय राहिलात? हायवेला जा दोघं."

मोटारसायकलवर मागे बसून मी हायवेला गेलो. जावई ड्रायव्हरचा नंबर लावत राहिला आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिलो. गणपतीच्या मूर्ती भरलेले टेम्पो, ट्रेलर, एसट्या. पांढऱ्या गाड्या देशात एवढ्या असतील अशी माझी कल्पना नव्हती. टपावर बॅगा दिसल्या की मी दोन्ही हात वर करून रस्त्यात शिरायचो. पहिली गाडी हॉर्न वाजवत बाजूने गेली. दुसरी थांबली. काच खाली झाली.

"विमानतळ?" मी धापा टाकत विचारलं.

"नाय हो, पनवेल. सीट फुल हाय."

माझ्या शर्टाची बटणं अजून तशीच चुकलेली होती. त्याने मला काय समजलं असेल ते असो.

साडेदहाला जावयाचा फोन वाजला. त्याने नाव न बघताच घेतला. दवाखान्यातून बहीण होती. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण जावई नुसता "व्हय… व्हय… येतोय" म्हणत होता. फोन ठेवून म्हणाला, "वाढलंय. डॉक्टर आणखी दोन तास थांबतात. नायतर रक्ताशिवाय घेतात आत." आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मामा, तो पुढं निघून गेला असेल तर?"

ज्या माणसाला बहिणीने सगळी काळजी देऊन टाकली होती तो मी, आणि माझ्या हातात होते नुसते हात.

मग ड्रायव्हरचा उलटा फोन आला. पोराला उलटी झाली म्हणून गाडी वडखळच्या पुढे टपरीवर थांबवली होती, मोबाईल गाडीत राहिला, चहा पीत होतो, कोण बोलतंय? जावई एवढ्या जोराने बोलला की टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं असेल. पंधरा मिनिटांनी पांढरी गाडी आमच्यासमोर उभी राहिली. मी तिला हात केलाच नव्हता. मी तेव्हा दुसऱ्याच एका गाडीला अडवत होतो.

मुलगा उतरला, इस्त्रीचा शर्ट, पासपोर्टचं पाकीट छातीशी. "चला," एवढंच म्हणाला. त्याची आई पुढच्या सीटवर होती, मांडीवर लोणच्याची बरणी. मी तिच्याशी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "फ्लाइट चुकणार नाही ना?"

"सांजची हाय. आणि चुकली तर दुसरी मिळंल," ती म्हणाली. "तुमीच नको बोललात ना त्याला? हा घरी येऊन बोलला, मामू बोलले घरात हाय. मी बोलले, बरं झालं, पोराचं रगत वाचलं." मग बरणी सावरत, "असं बोलाय नको होतं मी."

पेढीत बाईंनी त्याचं कार्ड बघितलं, त्यावर शिक्क्यांच्या ओळी. तरीही थेंब टाकून बघितलेच. तिन्ही सपाट. रक्त चांगलं, वजन चांगलं. संध्याकाळपर्यंत भरपूर पाणी प्यायला सांगितलं, बॅगा उचलायच्या नाहीत असं बजावलं. तो आडवा झाला, मूठ उघड-मीट करत राहिला, आणि पिशवी हळूहळू भरत गेली. या वेळी मी तोंड फिरवलं नाही. फिरवायचं विसरलो.

पिशवी भरली तरी काम संपलं नव्हतं. रक्ताच्या तपासण्या, मग भाचीच्या रक्ताशी ते जुळवून बघणं. बाई आत गेल्या. तो मुलगा दोन ग्लास सरबत पिऊन, जावयाला मिठी मारून, गाडीत बसून निघूनही गेला. मी त्याचे आभार मानायला लागलो तर म्हणाला, "मामू, तुमच्या शर्टाची बटणं." आणि हसला. तेवढा वेळ मी विसरलो की आत काय चाललंय.

दीड तास. बाकावर आम्ही तिघं. जावई दर पाच मिनिटांनी दवाखान्यात फोन लावी आणि ठेवी. बायको पदराच्या टोकाला गाठ मारी आणि सोडी. पाऊण वाजता बाई थर्माकोलचा डबा घेऊन बाहेर आल्या. "जुळलं. घेऊन जा. हलवू नका फार, बर्फावरून काढू नका."

मोटारसायकलवर जावई पुढे, मी मागे आणि मध्ये डबा. माझे गुडघे त्याच्या पाठीत आणि डबा माझ्या पोटात. नागोठण्यापर्यंत काम चालू असलेला रस्ता, तिथून भिसे खिंडीची वळणं. जावई कधी ओव्हरटेक करायला बाहेर निघे, कधी समोरून ट्रेलर आला की आत शिरे. एरवी मी ओरडलो असतो. तेव्हा मी फक्त डबा धरून होतो आणि मनात सगळ्या देवांना सांगत होतो की एकदा, एकदाच, माझ्याकडून काही सांडू नये. खिंडीत त्याचा फोन खिशात वाजत राहिला. थांबून घ्यायचा की नाही? तो थांबला नाही. मीही सांगितलं नाही.

तो फोन बहिणीचा होता. डॉक्टरांनी भाचीला आत घेतलं होतं.

दवाखान्याच्या पायरीवर नर्स उभीच होती. डबा तिने माझ्या हातातून अक्षरशः ओढून घेतला आणि पळाली. आम्ही दोघं जिन्यात बसलो. बहीण देवाच्या फोटोसमोर उभी होती, तिने आम्हाला बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, चिडका. मुलगी. त्यानंतरचा वेळ सगळ्यात वाईट होता, कारण बाळाचा आवाज येत होता आणि आईचं कोणी काही सांगत नव्हतं. शेवटी डॉक्टर बाहेर आला, टोपी काढून कपाळ पुसलं. "बरंच गेलं. पण पिशवी वेळेवर आली. आता थांबलंय."

जावई भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि मागे घेतला.

संध्याकाळी बायको गाडीने रोह्याला आली, डब्यात मऊभात घेऊन. भाची फिकी पडलेली, पण डोळे उघडे. आम्ही व्हरांड्यात आलो तशी बहिणीने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "दादा, तुझं रक्त आज माझ्या पोरीच्या अंगात हाय. तू नसतास तर…"

तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. जावई माझ्याकडे बघत होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मी मामेसासरा होतो, मी सांगेन तेच खरं ठरणार होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला एवढं सोपं कधीच झालं नव्हतं.

"ते माझं रक्त नाही, बाय," मी म्हणालो. "माझा पॉझिटिव्ह निघाला. रिपोर्ट हिचा होता, नाव माझं होतं." मी हसायला बघितलं. "हेल्मेटवरचा गट हेल्मेटलाच लागू होता." कोणी हसलं नाही. "रक्त त्या कतारवाल्या पोराचं आहे. रविवारी मी ज्याला परत पाठवला तो."

बहिणीने माझे हात सोडले. फेकले नाहीत, सोडले. "म्हणजे तो आज निघून गेला असता तर?"

"तर…" मी म्हणालो. "पण बघ, पोराला उलटी झाली म्हणून गाडी थांबली. म्हणजे त्या उलटीचेपण उपकार मानायला पायजेत." हेही कोणी हसण्यावारी घेतलं नाही. ती वळली आणि मुलीजवळ आत गेली. दार लावलं नाही, पण मला आत यायलाही सांगितलं नाही.

रोहा स्टेशनावर आम्ही दोघं परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. अजून उजेड होता. मीच म्हणालो, "मी सांगायला नको होतं का? आजच्या दिवशी?"

"सांगायलाच हवं होतं," ती म्हणाली. "मी मनात वीसपर्यंत मोजत होते. वीस झाले की मी सांगणार होते. तुम्ही अठराला तोंड उघडलंत." मग रुळांकडे बघत म्हणाली, "फक्त तुम्ही सांगताना दोनदा तिला हसवायला बघितलंत. मी सांगितलं असतं तर त्यात एकही विनोद आला नसता."